शेपटीवरची मैनाबाई

मैनाबाईचा फोटो तुम्ही पाहिला असेल. ट्रॅक्टरच्या काळ्या ट्यूबवर बसलेली म्हातारी, अंगात कांचळी, म्हणजे आरशांची चोळी, मागे सकाळचं पिवळं पाणी आणि खाली कोण्या हुशारानं लिहिलेलं, 'विदर्भाची जलपरी'. नागपूरहून पक्षी पाहायला आलेल्या एका पाहुण्यानं तो काढला, मोबाइलवर टाकला आणि दुनियेनं त्याला अंगठे दाखवले. मी तो मैनाबाईला दाखवला तेव्हा तिनं विचारलं, "परी म्हंजे काय, सोनूभाऊ?"

"पाण्यातली अप्सरा."

"अप्सरेचे दात असे असते काय?" तंबाखूनं काळे पडलेले दात तिनं मला ओठ ओढून दाखवले. मग फोटो डोळ्याजवळ नेला आणि तिचा आवाज बदलला. "अन् मायं जाळं कोनं कापलं?"

खरंच कापलं होतं. हातातलं जाळं, मांडीवर तडफडणारी मरळ, कमरेला बांधलेली खताची थैली, सगळं फोटोच्या चौकटीबाहेर गेलं होतं. उरली नुसती बाई आणि पाणी. हे जे मी लिहून राह्यलो ते त्या कापलेल्या भागासाठी. अप्सरा पाहायची असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

महागाव तालुक्यात डांबरी रस्ता जिथं संपतो, तिथून पुढं मोटरसायकल दामटवत गेलं की वडदरा तांडा लागतो. बंजाऱ्यांची वस्ती. त्यांच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून अख्खा मुलूख पायाखाली घातला. आता हे लोक कापूस-तूर पेरतात आणि पेरणं पुरत नाही म्हणून ऊस तोडायला जातात. तांड्याच्या खाली खैरमाळ तलाव. त्याची पाळ पलीकडं, गावाकडं. इकडं तांड्याच्या अंगाला पाणी दोन टेकड्यांच्या मधून निमुळतं होत जंगलात शिरतं. त्या भागाला सगळे शेपटी म्हणतात. तिथं अर्जुनाच्या झाडांची मुळं पाण्यात उतरलेली आणि मुळांच्या पोकळीत पाणमांजरांची घरं. थंडीत पट्ट्यापट्ट्यांच्या डोक्याची परदेशी बदकं उतरतात, उन्हाळ्यात अस्वल पाण्याला येतं. मोबाइलला रेंज नाही. मासोळी मात्र अशी, की तलावात कुठंच नाही मिळाली तर शेपटीत मिळते.

मैनाबाई आडे लग्न होऊन या तांड्यात आली ती लगेच दिवाळीनंतर नवरा बाबूसिंगसोबत उसावर गेली. पुढं दरवर्षी गेली. थंडीत पहाटे ओला पाला अंगावर घेत, डोक्यावर मोळ्या वाहत, पोटुशी असताना आणि बाळंत झाल्यावरही. बाबूसिंगच्या कमरेवर एकदा भरल्या गाडीवरून मोळ्या घसरल्या आणि तो माणूस तेव्हापासून खाटेवर आहे. त्या वर्षी परत आल्यावर मैनाबाई सरळ तलावावर गेली. चोळी-घागऱ्यासकट कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि हातातला कोयता तिनं गरगरा फिरवून लांब फेकला.

बाबूसिंग आजही खाटेवरून सांगतो, "लोखंडाचा होता भाऊ. चांगला. इकला असता तरी चाललं असतं. पन हिले फेकाचाच होता."

"इकला असता तं दुसऱ्या बाईच्या हातात गेला असता," मैनाबाई चुलीपासून ओरडते. हे भांडण त्यांच्यात अजून चालू आहे.

कोयता तर फेकला. खायचं काय? पलीकडच्या गावात उकंडा नावाचा म्हातारा भोई होता. ट्यूबवर बसून जाळं टाकायचा, हातात रबरी चपला घालून पाणी मागं ढकलत जायचा. मैनाबाई त्याच्या मागं लागली. उकंडा हसला. "लमानीन अन् पान्यात? तुह्या घागऱ्यात पानी भरन, बाई. दगडावानी जाशीन खाली."

आणि गेलीच. पहिल्याच दिवशी फेटिया, म्हणजे तिचा घागरा, पाण्यानं फुगला, जड झाला, ट्यूब उलटली. उकंड्यानं वेणीला धरून ओढून काढली. काठावर पाणी ओकत बसलेल्या बाईला तो म्हणाला, "सलवार घाल. नाईतर हे काम सोड."

"फेटिया मायच्या हातचा हाय," मैनाबाई म्हणाली. "मायच्या हातचं काढून मासोळी नाई धरत मी." तिनं फेटियाचा काष्टा मारला, दोरीनं मांडीला आवळला आणि परत पाण्यात गेली. आरशांची कांचळीही तिनं काढली नाही. उन्हं वर आली की शेपटीच्या दोन्ही टेकड्यांवर तिच्या छातीवरच्या आरशांचे कवडसे, चटकचांदणे, नाचतात. तांड्यातल्या बायका त्यावरून ओळखतात, म्हातारी कुठं आहे.

उकंडा मेला. त्याच्या जागी मच्छीमार संस्थेत सभासद व्हायला मैनाबाईला जितकं भांडावं लागलं, तितकं लोक जमिनीच्या वाटणीला भांडत नाहीत. पण संस्थेपेक्षा घरचे अवघड. तांड्याचा नायक हिरासिंग. नायक म्हणजे तांड्याचा पुढारी, त्याचा शब्द शेवटचा. त्यानं पंचायत बसवली. गोरमाटी माणसाची बाई भोयाचं काम करते, तांड्याच्या नाकाचं काय, असा मुद्दा होता. बंजारे स्वतःला गोरमाटी म्हणतात.

मैनाबाई उभी राहिली. "नायक, ऊस तोडनं हे गोरमाटीचं काम हाय काय?"

हिरासिंगनं धोतराचा सोगा झटकला.

"दुसऱ्याच्या वावरात, दुसऱ्याच्या जिल्ह्यात, मुकादमाच्या शिव्या खात. तवा कुठी होतं तांड्याचं नाक? उसाच्या पाल्यात लपलं होतं?"

कोणीतरी हसलं. हिरासिंगनं हसणाऱ्याकडं पाहिलं आणि पंचायत उठवली. निर्णय झालाच नाही. पण त्या दिवसापासून नायक मैनाबाईशी बोलला नाही आणि तिच्या घरावरून जाताना नाकाला धोतराचा सोगा लावायचा. ती मुद्दाम त्याच वेळी मासोळी तळायची.

आता पाणमांजरांचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मैनाबाई त्यांना 'माया सवती' म्हणते. टोळीनं येतात, जाळ्यात अडकलेली मासोळी फाडून खातात, जाळंही फाडतात आणि लांब जाऊन, डोकी वर काढून, शिट्ट्या मारतात. शहरातून येणारे पत्रकार तिला निसर्गप्रेमाबद्दल विचारतात तेव्हा मला हसू आवरत नाही. "प्रेम?" ती म्हणते. "मायं जाळं फाडते थ्या! मी गोटे मारतो त्यायले." आणि खरंच मारते. गोरबोलीत अशा शिव्या देते की टेकडीवरचा गुराखी कानावर हात ठेवतो. पण शिव्या तिच्या ठरलेल्या आहेत. म्होरकी जी आहे, एका कानाचा तुकडा गेलेली, तिला सगळ्यात खालची शिवी. आणि ती म्होरकी काही दिवस दिसली नाही की मैनाबाईचं जेवणात लक्ष लागत नाही. याला प्रेम म्हणायचं तर म्हणा. तिच्यासमोर म्हणू नका.

मग पुंडलिकरावांचा कॅम्प आला.

पुंडलिकराव पाळीकडच्या गावचे मोठे शेतकरी. सोयाबीन, तूर, गाडी, गळ्यात भरदार साखळी. माणूस बोलायला गोड. त्यांनी तलावावर जलपर्यटनाचा ठेका मिळवला. शेपटीच्या काठी पांढरे तंबू लागले, मोटारबोट आली, नागपूरच्या हौशी लोकांसाठी गळ आणि काठ्या आल्या आणि एका फलकावर पाणमांजराचं हसरं चित्र काढून 'ऑटर पॉइंट' असं लिहिलं गेलं. तांड्याकडून शेपटीत उतरायची जी वाट होती तिच्यावर तारेचं कुंपण पडलं. त्याला फाटक. फाटकाला कुलूप.

मी जंगलात फिरायला येणाऱ्यांच्या विरोधात नाही. पाहा, गळ टाका, बदकं मोजा, पाण्याकडं तोंड करून दिवसभर बसा. माणसानं असं बसावंच. पण जिथं आपण बसलो तिथून दुसऱ्याला उठवून बसू नये, एवढी साधी गोष्ट आहे. ती समजायला काय कॉलेज लागते?

पहिल्या आठवड्यातच मोटारबोटीच्या पंख्यात मैनाबाईचं जाळं गुंडाळलं गेलं आणि चिंध्या झाल्या. ट्यूब फाटकाबाहेर फेकलेली सापडली. बोट दिवसभर शेपटीत ये-जा करायची, पाहुण्यांना पाणमांजर दाखवायला. पाणमांजरं काय येडी आहेत? ती निघून गेली. मुळांच्या पोकळ्या रिकाम्या. फलकावर तेवढी हसत राहिली.

मैनाबाई कॅम्पवर गेली. मी सोबत होतो. पुंडलिकरावांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मैनाबाई, रागावू नका. तुमची सोय मी करतोच. अथी पाहुण्याइले ज्वारीच्या भाकरी लागतात. तुमी थापा."

"दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी थापाले म्या ऊस सोडला काय?"

"बरं, भाकरी नको." पुंडलिकराव पुढं झुकले. डोळ्यांत चमक आली. "तुमचा फोटो बम चालला ना? मंग रोज सकायी ट्यूबवर बसून एक चक्कर मारा. हेच कपडे. पाहुणे फोटो काढतीन. पगार देतो."

"अन् जाळं?"

"जाळं कायले पाहिजे? फक्त बसाचं."

मैनाबाईनं बशीतला चहा जमिनीवर ओतला. रागानं नाही, सावकाश, झाडाला पाणी घालावं तसा. "पुंडलिकराव, तुमी तुमच्या बायकोले बसवा ट्यूबवर. बेबीताईले शोभन." आणि उठली.

मी पडलो चळवळीतला माणूस, माझ्या पद्धतीनं लागलो. अर्ज दिले, निवेदनं दिली, फाटकासमोर घोषणा दिल्या. साहेब बैठकीत आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत. तिकडं दिवाळी सरली. उसाच्या मुकादमाची गाडी तांड्यात फिरायला लागली. तो मैनाबाईच्या दारात थांबला आणि तिच्या सुनेला, उज्ज्वलाला म्हणाला, "बुढी येत असन तं सांग. पाणी बंद झालं म्हने."

उज्ज्वलानं हे सासूला सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. मैनाबाई बाबूसिंगच्या कमरेला तेल चोळत होती, चोळत राहिली. शेपटी गेली म्हणजे काय गेलं, हे मला त्या दिवशी समजलं. कोयता पाण्यात फेकता येतो, पण तो बाहेर दुकानात नवा मिळतोच.

"सोनूभाऊ," मग ती म्हणाली, "तुया अर्जानं कुलूप उघडते काय?"

"वेळ लागते, बाई."

"मुकादमाले नाई लागत."

त्याच हप्त्यात उज्ज्वला घरी एक बातमी घेऊन आली आणि घरात आग लागली. कॅम्पचं उद्घाटन ठरलं होतं. ठेका देणाऱ्या कार्यालयाचे मोठे साहेब यवतमाळहून येणार होते. पुंडलिकरावांना पारंपरिक बंजारा नृत्य पाहिजे होतं आणि उज्ज्वलाच्या बचत गटानं ते काम घेतलं होतं.

"लाज नाई वाटली तुले?" बाबूसिंग खाटेवरून ओरडला.

"गटाच्या बायांनी हो म्हटलं, बापू," उज्ज्वला म्हणाली. ती दबणारी नाही, तिच्या सासूच्याच हाताखाली तयार झालेली. "आता जबान देली. मी मागं नाई घेत."

सगळे मैनाबाईकडं पाहायला लागले. मला वाटलं, आता भांडी उडतात. पण म्हातारी भिंतीवरच्या खुंटीकडं पाहत होती. तिथं तिच्या आईच्या हातची कांचळी टांगलेली होती.

"मागं नको घेऊ," ती म्हणाली. "नाचा तुमी. मी बी येतो."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मांडव गच्च भरलेला. खुर्च्या, फुगे, ध्वनिक्षेपक. मोठे साहेब तरुण, नीटनेटके, सारखे घड्याळ पाहणारे. पुंडलिकरावांनी त्यांना शेपटीतून एक फेरी मारून आणली होती. पाणमांजर दिसलं नव्हतं, पण पुंडलिकराव सांगत होते, "लाजतात साहेब, नवीन माणसाइले." तांड्यातून बघे आले होते, त्यांत नायक हिरासिंगही, पागोटं बांधून मागच्या रांगेत. सरकारचा मोठा माणूस आला म्हटल्यावर नायकाला यावंच लागतं.

बायकांनी फेर धरला. फेटिये फिरले, आरसे चमकले, मोबाइल वर झाले. एक गाणं संपलं, दुसरं सुरू होणार, इतक्यात फेरातून मैनाबाई बाहेर आली. डोक्यावरून ओढणी पुढं ओढली, चेहरा झाकला, चालत जाऊन साहेबांसमोर उभी राहिली, त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात टाकले आणि गळ्यातून एक लांबच लांब सूर काढला.

तो सूर ज्यानं ऐकला नाही त्याला मी लिहून कसा ऐकवू? बंजाऱ्यांत पोरगी सासरी निघाली की ती आईच्या, भावाच्या, बापाच्या गळ्यात पडून गाण्यात रडते. त्याला ढावलो म्हणतात. हुंदका आणि शब्द एकाच श्वासात. वडदऱ्यात कोणी मेलं तरी बायका त्याच सुरात रडतात. आणि वडदऱ्यात मैनाबाईसारखं रडणारी दुसरी नाही. आजूबाजूच्या तांड्यांतून तिला लग्नात बोलावणं येतं.

"मारी वाट कुण रोको, वीरेणाऽऽ... मारो पाणी कुण बांदो, वीरेणाऽऽ..."

माझी वाट कोणी अडवली, भाऊराया. माझं पाणी कोणी बांधलं. मागं उज्ज्वलानं सूर उचलला. मग सगळ्या बायकांनी. एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, ओढण्या तोंडावर. मांडवाच्या वरची पाखरं उडाली.

पुंडलिकरावांनी माईक हातात घेतला. तोंडावर हसू. "मान्यवरहो, हे बंजारा समाजाचं पारंपरिक स्वागतगीत! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. नागपूरचे पाहुणे खुर्चीवर चढून व्हिडिओ काढू लागले. मैनाबाई टाळ्यांवरून रडत राहिली. आता ती नावं घेत होती. अर्जुनाच्या मुळांचं, चिंध्या झालेल्या जाळ्याचं, कान तुटक्या सवतीचं, उसाच्या पाल्याचं. गोरबोली न येणाऱ्याला काही कळत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांतलं पाणी साहेबांच्या इस्तरीच्या शर्टावर उतरत होतं. साहेबांचं हसू हळूहळू वाकडं झालं. ते मागं सरले, तर ती सोबत सरली.

"हे... किती वेळ चालतं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा साहेबांचा ड्रायव्हर रूपसिंग पुढं आला. दिग्रसकडच्या तांड्यातला माणूस. डोक्यावरची टोपी त्यानं कधीच हातात घेतली होती. तो साहेबांच्या कानाशी बोलला, पण माईक पुंडलिकरावांच्या हातात चालूच होता, म्हणून मांडवभर ऐकू गेलं.

"सर, हे स्वागत नाही. माणूस कायमचा जातो तेव्हा असं रडतात."

"कोण गेलं?"

"त्यांचं पाणी, सर."

टाळ्या थांबल्या. फक्त बायका रडत होत्या.

"थांबवा त्यांना," साहेब म्हणाले.

"मधी थांबवत नाही, सर. ज्याच्या गळ्यात पडल्या त्यानं भाऊ म्हणून डोक्यावर हात ठेवला की आपोआप थांबते."

साहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मोबाइल सगळे त्यांच्यावर रोखलेले. त्यांनी मैनाबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाईघाईनं म्हणाले, "बरं, बरं, ताई. रडू नका. तुमची वाट कोणी अडवणार नाही."

नळ बंद करावा तशी मैनाबाई थांबली. ओढणी वर केली. डोळे पुसले.

"वीरेणा," ती म्हणाली, "तू बोलला. मायी जिंदगी सांगते, भावाचा शबुद मोडत नसते." आणि साहेबांची दृष्ट काढून, बोटं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडून, बायकांना घेऊन निघून गेली. नृत्याची उरलेली दोन गाणी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी फाटक बंद. तिसऱ्या दिवशीही. पुंडलिकराव मला चौकात म्हणाले, "सोनूभाऊ, साहेब बोलले म्हंजे आदेश झाला काय? बाई रडून राह्यलती म्हनून बोलले. लेकराले आपन चॉकलेट देतो म्हनतो, तसं."

मी हे जसंच्या तसं मैनाबाईला सांगितलं. थोडं तिखट टाकून सांगितलं असेल. ती म्हणाली, "बरं. मंग मी भावाच्या घरी जातो."

ती अर्ज घेऊन गेली नाही. बहीण माहेराला जाते तशी गेली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, वाळवलेल्या झिंग्यांची पुडी, अंगात नवी कांचळी, सोबत उज्ज्वला आणि गटाच्या बायका. यवतमाळच्या कार्यालयात शिपायानं अडवलं.

"कोण पाहिजे?"

"भाऊ."

"कोणाचा भाऊ?"

"माया. आतमंदी बसते थो. मोठ्या खुर्चीवर."

"अपॉइंटमेंट आहे का?"

"बहिणीले लागते?"

शिपाई हसला. मैनाबाईनं ओढणी पुढं ओढली. पुढं काय झालं ते त्या कार्यालयातल्या कोणालाही विचारा. त्या लांब वऱ्हांड्यात आवाज असा घुमला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. कोणीतरी विचारलं, कोण वारलं? साहेब स्वतः दार उघडून धावत बाहेर आले. "ताई! ताई, आत या. आधी आत या."

आत त्यांनी चहा दिला. या वेळी मैनाबाईनं चहा पिला. भाकरी आणि झिंगे टेबलावर ठेवले आणि एकच गोष्ट विचारली, "भाऊ, तू माया डोस्क्यावर हात ठेवला, थो खोटा होता काय?"

मी साहेबांची आरती ओवाळणार नाही. त्या माणसाला घाम फुटला म्हणून त्यानं केलं, का लाज वाटली म्हणून, मला माहीत नाही. पण केलं. फाटकाचं कुलूप निघालं. शेपटीच्या तोंडाशी निळ्या ड्रमांची ओळ दोरीनं बांधली गेली, मोटारबोट तिच्या पलीकडंच. बोटीचा धक्का पाळीकडं हलवला गेला. मैनाबाईनं जाळं शिवायला घेतलं.

मग साहेबांची बदली झाली. चांगलं असो का वाईट, साहेब म्हटला की बदली आलीच. आणि ती बातमी वर्तमानपत्रात यायच्या आत पुंडलिकरावांनी ड्रम काढून घेतले आणि फाटकाला आधीपेक्षा मोठं कुलूप ठोकलं. राखणदाराच्या तोंडून निरोप पाठवला, "सांगा बाईले, भाऊ गेला गावाले."

मी संतापानं पेटून तांड्यात गेलो. अर्ज, मोर्चा, उपोषण, डोक्यात सगळं एकदम. मैनाबाईच्या अंगणात पोचलो तर तिथं वेगळीच गर्दी. नायक हिरासिंग आला होता. इतक्या वर्षांनी, स्वतःच्या पायांनी, सोगा नाकाला न लावता. चुलीवर मासोळी तळत होती, तरी.

"मासोळीचं मले काई सांगू नको," तो मैनाबाईला पहिल्यांदा हेच म्हणाला. "थे मले आवडत नाई. आजबी नाई."

"खाऊ नका, नायक. कोन देऊन राह्यलं?"

"पन थो हात..." हिरासिंगनं स्वतःचा तळहात पुढं धरला. "थो हात म्या पाह्यला. सगळ्या तांड्यानं पाह्यला. ढावलोमंदी देल्ला शबुद हाय थो. भाऊ बदलीवर गेला म्हनून बहीन बेवारस होत नाई. भाऊ नसला का तांडा भाऊ असते." मग अंगणातल्या गड्यांकडं वळून ओरडला, "उठा ना! का तुमाले बी रडून सांगू?"

आख्खा तांडा उतरला. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं तर नायकानं माझ्याकडं असं पाहिलं की मी मिटलं. घोषणा नाही, गाणं नाही. हिरासिंगनं फाटकाच्या दोन्ही खांबांभोवतीची माती कुदळीनं उकरायला लावली. राखणदार कुलपाची किल्ली मुठीत धरून बघत राहिला, कारण कुलपाला कोणी हातच लावला नाही. फाटक कुलपासकट, खांबांसकट, उचलून आडवं नेलं आणि पुंडलिकरावांच्या तंबूंसमोर ठेवलं.

"तुमचं सामान," नायक म्हणाला. "आमच्या वाटेवर राह्यलं होतं."

पुंडलिकराव पोलिसांचं बोलले, गुन्ह्याचं बोलले. हिरासिंग शांतपणे म्हणाला, "बोलवा. पन बाया रडाले लागल्या तं मी थांबवनार नाई. अन् तुमचा तं बुकिंगचा हंगाम हाय."

तंबूतल्या पाहुण्यांनी तोवर मोबाइल काढलेच होते. पुंडलिकरावांनी त्या मोबाइलांकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. मैनाबाईनं ओढणीचा काठ नुसता बोटात धरला होता. पोलीस आले नाहीत. ड्रम दोन दिवसांनी परत पाण्यात दिसले.

ते फाटक अजून तिथंच, कॅम्पसमोर, पडलेलं आहे. पाहुणे त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. ठेका आज आहे, उद्या दुसऱ्याचा असेल, नवा साहेब येईल, नवं कुंपण येईल. येऊ द्या. वडदऱ्याला आता माहीत आहे की खांब मातीत रोवलेले असतात.

परवा मी शेपटीवर गेलतो. थंडी होती, पाण्यावरून वाफ उठत होती. टेकडीवर चटकचांदणे नाचताना दिसले, मग ट्यूब दिसली. मैनाबाई चपला घातलेल्या हातांनी पाणी रेटत काठाला आली. तोंड संतापानं लाल. ट्यूबवरून उतरायच्या आधीच तिनं जाळं माझ्या अंगावर फेकलं. मधोमध भलं मोठं भगदाड, कडा कुरतडलेल्या.

"पाह्य!" ती ओरडली. "पाह्य, काय केलं रांडेनं! नवं जाळं हाय, सोनूभाऊ, नवं!"

लांब, अर्जुनाच्या मुळांपाशी, पाण्यावर एक चपटं डोकं वर आलं. एका कानाचा तुकडा नसलेलं. शिट्टी वाजली.

मैनाबाईनं वाकून गोटा उचलला, हात मागं नेला आणि डोक्यापासून चांगला हातभर लांब नेम धरून मारला.

"आली बाप्पा टवळी," ती म्हणाली, आणि जाळ्यातलं भगदाड शिवायला तिथंच दगडावर बसली.